दादा शुद्धीत होता

माझा दादा तुरुंगातून सुटला त्या सकाळी गेटबाहेर त्याच्यासाठी चपला घेऊन एक बाई उभी होती. ती बाई मी नव्हते. मी त्या वेळी श्रीपेरुंबुदूरला कंपनीच्या एसी खोलीत वेल्डरच्या मुलाखती घेत होते. मुलाखती दुसऱ्या दिवशी ठेवता आल्या असत्या. मी ठेवल्या नाहीत. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी बऱ्याच लोकांवर चिडणार आहे, आणि वाचणाऱ्याला असं वाटायला नको की मी स्वतःला सोडून दिलं.

चपला नऊ नंबरच्या होत्या. सुटायच्या महिनाभर आधी चर्चच्या लोकांनी आत जाऊन त्याच्या पायाचं माप विचारून घेतलं होतं. पकडताना अंगावर जे असतं तेच सुटताना परत मिळतं, आणि दादा ट्रक चालवायचा तो अनवाणी. बरेच ड्रायव्हर तसेच चालवतात. त्याला नेलं तेव्हा चपला केबिनमध्येच राहिल्या. सात वर्षांत मी त्याला वर्षातून दोनदा भेटले, बिस्किटं नेली, साबण नेला, पण बाहेर पडताना हा माणूस पायात काय घालणार, हे माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही. मी आमच्या घराण्यातली पहिली पदवीधर. एम.बी.ए. दारावरच्या पाटीवर नावापुढे लावलंय.

दादाकडून घडलं ते थोडक्यात सांगते. आमच्या नगर जिल्ह्यातून तो कांदा घेऊन चेन्नईच्या घाऊक बाजारात यायचा. एका पहाटे गाडी आधी कोणाची खाली करायची यावरून एका हमालाशी बोलाचाली झाली. हमाल फाळक्यावर चढला होता. दादानं त्याला ढकललं. तो खाली सिमेंटवर डोक्यावर पडला आणि तिसऱ्या दिवशी गेला. सदोष मनुष्यवध. वकिलानं दादाला सांगितलं, "प्यायला होतास असं म्हण, रात्रभर गाडी चालवून डोकं फिरलं होतं असं म्हण, काहीतरी म्हण." दादा आयुष्यात दारू प्यायला नव्हता. तो म्हणाला, "मी शुद्धीत होतो. शुद्धीत ढकललं." वकिलानं कपाळाला हात लावला. मीही लावला.

आमच्या सोसायटीत, ऑफिसात, सगळीकडे मी सांगून ठेवलं होतं की भाऊ मस्कतला आहे. मस्कत मला का सुचलं कोण जाणे. लोक विचारायचे, "काय करतात तिकडे?" मी म्हणायचे, "ट्रान्स्पोर्ट." एकदा शेजारणीनं खजूर मागवायला सांगितले, तेव्हा मी बाजारातून आणून दिले. तेव्हा दादा सुटला तर माझ्या घरी येणार कसा? मस्कतहून आलेला माणूस असा येतो का, पिशवी नाही, पासपोर्ट नाही, आणि कोणी दार उघडलं की आपोआप भिंतीला लागून उभा राहतो?

तर त्याला चर्चनं नेलं. उत्तर चेन्नईत, एन्नोरच्या वाटेवर, कोळ्यांच्या वस्तीला लागून एक छोटं चर्च आहे. सभागृहाच्या मागे दोन खाटांची खोली. सुटून आलेल्यांना तिथं सहा महिने राहू देतात. पुढे ठेवायचं की नाही ते कमिटी ठरवते. चपला घेऊन उभी असलेली बाई तिथलीच, निवृत्त शाळामास्तरीण. सगळे तिला टीचरअम्मा म्हणतात. तंजावरच्या मराठी घरात जन्मलेली. रेल्वेतल्या एका ख्रिस्ती माणसाशी लग्न केलं म्हणून घरच्यांनी तिला तेव्हाच तोडलं. दर आठवड्याला ती तुरुंगात प्रार्थनेला जाणाऱ्यांबरोबर जायची. तिथं प्रवचन चालू असताना मागच्या रांगेत बसून दादा मराठीत पुटपुटला होता, "काय बडबडतोय हा कधीचा." टीचरअम्मा वळून म्हणाली, "बडबडतो खरा. पण माणूस बरा आहे."

दादा मला सांगायचा, "आत आल्यापासून पहिल्यांदा हसलो. बाई मराठी बोलते पण शिवाजी महाराजांच्या वेळची. 'जेवण जाहलें कां?' म्हणते. आणि सूर असा की मद्रासी पिक्चर चाललाय."

सुटल्यावर तिनंच त्याचं आधार कार्ड दुरुस्त करून घेतलं. सरकारी दवाखान्यात नेऊन दात काढून आणला. फोन कसा लावायचा ते शिकवलं, कारण तो आत गेला तेव्हाचे फोन आणि आताचे फोन वेगळे. आणि चर्चमधल्याच एका माणसाकडे त्याला कामाला लावलं. खाडीच्या काठी त्या माणसाची शेड आहे. मासेमारीच्या बोटींची डिझेल इंजिनं दुरुस्त करतो. दादा त्याला मुदलाळी म्हणायचा, म्हणजे मालक. साठीचा, कमी बोलणारा माणूस. त्याचा थोरला मुलगा पिऊन बोट घेऊन गेला आणि परत आला नाही. तेव्हापासून त्याचा एकच नियम. पिणाऱ्याचा हात इंजिनाला लागता कामा नये, कारण समुद्रात इंजिन बंद पडलं तर ढकलायला कोणी येत नाही. पहिल्या दिवशी त्यानं दादाला एवढंच विचारलं होतं, "पिऊन मारलंस?" दादा म्हणाला होता, "नाही. शुद्धीत." मुदलाळीनं पाना हातात दिला.

इथं थांबून मला आमच्या लोकांना काही बोलायचंय. गावाहून मामाचा फोन आला. सात वर्षांत पहिला.

"काय गं, तो बाटला म्हणे?"

"कोण म्हणालं?"

"म्हणतात लोक. चर्चमधी राहतोय ना. हे लोक असंच करतात. अडचणीतला माणूस धरतात."

"मामा, तुम्ही कधी धरला का? आमच्या आईच्या दहाव्यालासुद्धा तुम्ही त्याचं नाव काढू दिलं नाही."

"तू लई शिकलीस. तुझ्याशी कोण बोलणार," असं म्हणून मामानं फोन ठेवला.

धर्म बदलायला जातात म्हणे. जात असतील असं धरून चालू. मग बाकीचे का जात नाहीत? आमच्या सोसायटीत गणपतीला पंधरा दिवस वर्गणी फिरते, त्या मंडळातला एक तरी माणूस कधी तुरुंगाच्या गेटवर नऊ नंबरची चप्पल घेऊन उभा राहिलाय? आणि दुसऱ्याचं कशाला, माझंच सांगते. आमच्या कंपनीत नोकरीच्या अर्जाबरोबर पोलीस पडताळणीचा कागद येतो. त्यावर काही लिहिलेलं असलं की तो अर्ज मी गठ्ठ्याच्या खाली सारते. कोणी मला तसं करायला सांगितलेलं नाही. लेखी नियम नाही. अकरा वर्षं मी ते हातसवयीनं करत आले, आणि संध्याकाळी कंपनीच्या बसमध्ये कानात गाणी घालून घरी गेले. दादा कुठल्याही कंपनीत अर्ज घेऊन गेला असता, तर तिथल्या माझ्यासारख्याच कुणीतरी बाईनं त्याचा अर्ज खाली सारला असता.

म्हणून मी त्या चर्चच्या पाया पडायला तयार होते. खरंच होते. आणि म्हणूनच नंतर जो राग आला तो अजून जात नाही. ज्यानं काही केलंच नाही त्याच्यावर माणूस किती चिडणार?

त्यांच्याकडे एक रीत आहे. हंगामाच्या सणाला, म्हणजे शेतातलं, झाडावरचं, समुद्रातलं पहिलं पीक देवापुढे ठेवतात त्या रविवारी, मागच्या खोलीत राहणाऱ्यानं उभं राहून साक्ष द्यायची. मी काय होतो, देवानं मला कसं बदललं, ते माइकवर सांगायचं. सक्ती नाही. असं पास्टर मला दोनदा म्हणाले. तरुण माणूस, स्वच्छ पांढरा शर्ट, बोलणं गोड.

"सक्ती अजिबात नाही, सिस्टर. पण कमिटीचे लोक बसलेले असतात. त्यांनी ऐकलं की खोलीचं पुढे ठरवणं सोपं जातं."

"मग सक्तीच म्हणा ना."

ते हसले. "प्रोत्साहन म्हणू या. आणि एक विनंती. ब्रदरची तमिळ जरा आतली आहे, तुरुंगातली. माइकवर बरी नाही दिसणार. त्यांनी मराठीत सांगावं, तुम्ही शेजारी उभं राहून तमिळमध्ये सांगा. तुमची तमिळ फार सुंदर आहे."

आता हे शेवटचं वाक्य. माझी तमिळ सुंदर आहे हे मला माहीत होतं. चेन्नईत आल्यावर संध्याकाळचे वर्ग लावून मी लिहायला-वाचायला शिकले. आमच्या ऑफिसातली बाकीची महाराष्ट्राची मंडळी दहा-दहा वर्षं 'वा, पो, तण्णी', म्हणजे ये, जा, पाणी, एवढ्यावर काढतात. तमिळमध्ये लिहिलेलं आणि बोललेलं फार वेगळं असतं, आणि मला दोन्ही येतं. सुरक्षा सप्ताहात शेकडो कामगारांसमोर मी भाषणाच्या तमिळमध्ये प्रतिज्ञा वाचून दाखवते. त्यामुळे मी लगेच हो म्हणाले.

पास्टर निघता निघता म्हणाले, "साक्षीत आधी आणि नंतर दोन्ही पाहिजे. लोकांना कळायला हवं, देवानं त्यांना कशातून सोडवलं."

दादानं आठवडाभर तयारी केली. खाटेवर बसून मला म्हणून दाखवलं. एकूण तीन वाक्यं.

"माझ्या हातून एक माणूस गेला. मी शुद्धीत होतो. तुम्ही मला चपला दिल्या आणि काम दिलं."

"एवढंच?"

"अजून काय? तेवढंच झालंय."

"दादा, लोक दोन मिनिटांची तरी अपेक्षा करतील."

"मग दोन मिनिटं उभा राहतो."

त्या रविवारी चर्च गच्च भरलं होतं. वेदीपुढे केळीचे घड, भोपळे, नारळ, आणि कोळ्यांनी आणलेली बर्फातली सुरमई. पंखे फिरत होते, पण मासळीचा आणि मोगऱ्याचा वास एकत्र होऊन घशाशी येत होता. पहिल्या रांगेत कमिटी. तिसऱ्या रांगेत मुदलाळी, त्याची बायको. टीचरअम्मा बाजूला, हातात सूचनांची वही, कारण दर रविवारी आजाऱ्यांची नावं, लग्नांच्या घोषणा तीच वाचते. समोर तिकाटण्यावर फोन लावलेला. चर्चचं चॅनल आहे. मला ते आधी सांगितलं नव्हतं.

दादा पहिलं वाक्य बोलला. मी ते तमिळमध्ये सांगितलं. तो दुसरं वाक्य बोलला. "मी शुद्धीत होतो."

आणि मी ते सांगितलं नाही.

पास्टर माझ्याकडे बघत होते. हनुवटी हळूच वर, म्हणजे चालू ठेवा. कमिटीतला एक म्हातारा पुढे झुकला होता. मला वाटलं, हे वाक्य आत्ता तमिळमध्ये म्हटलं तर हे सगळे मागे सरकतील. शुद्धीत माणूस मारणाऱ्याला कोण खोली देतं? मी भाषणाची तमिळ काढली. म्हणाले, माझा भाऊ दारूच्या अंधारात होता. रात्र आणि दिवस त्याला वेगळे राहिले नव्हते. त्या पहाटे तो नव्हता, त्याच्यातली दारू होती. तुरुंगाच्या फरशीवर तो रडला आणि तिथं त्याला उजेड दिसला. शब्द आपोआप येत होते. खोटं बोलताना अडखळायला होतं म्हणतात, तसं काही झालं नाही. उलट मी इतकी ओघवती तमिळ त्याआधी कधी बोलले नव्हते. दादा शेजारी उभा होता. त्याला शेडमधली तमिळ येते, भाषणाची येत नसणार, असं मी धरून चालले. त्यानं तिसरं वाक्य, चपलांचं, हळू आवाजात म्हटलं. ते मी बरोबर सांगितलं.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बायका डोळे पुसत होत्या. पास्टरांनी दादाला मिठी मारली. दादाचे हात खालीच राहिले.

नंतर मागच्या अंगणात जेवणाच्या पंगती बसल्या. मी पान घेऊन बसणार तेवढ्यात टीचरअम्मा शेजारी आली. तिनं आवाज चढवला नाही. ती तिच्या जुन्या मराठीत बोलली, म्हणजे आजूबाजूच्यांना कळू नये.

"तो शुद्धीत होतों म्हणाला. तू काय सांगितलीस?"

मी म्हणाले, "अम्मा, लोकांना समजेल असं सांगितलं."

"लोकांना आवडेल तैसें सांगितलीस." तिनं माझ्या पानात भात वाढला, वाढताना डाव पानावर आपटला. "चार वर्षें मी त्याजकडे जातें. तें एकच वाक्य त्याजपाशी होतें."

मी जेवले नाही. चिडले होते, आणि तेव्हा तिच्यावर चिडले होते. मला वाटलं, ह्या बाईला काय जातंय, खोली माझ्या भावाला पाहिजे.

मंगळवारी दादाचा फोन आला. "काय साहेबीणबाई, कामात आहेस?" चिडवायचं असलं की तो मला साहेबीण म्हणतो. आवाजात मात्र चिडवणं नव्हतं. "मुदलाळी येऊ नको म्हणाले शेडवर."

"का?"

"तूच सांगितलंस ना, मी दारुडा आहे. आणि पहिल्या दिवशी मी त्यांना नाही म्हटलं होतं. म्हणजे दारुडा, आणि वर खोटारडा."

मी अर्धा दिवस सुट्टी टाकून निघाले. बस, मग लोकल, मग शेअर रिक्षा. खाडीच्या तोंडाशी दगडांवर तो बसला होता. समोर वीज केंद्राच्या चिमण्या, पाण्यावर राखेची साय. पायात नऊ नंबरच्या चपला.

मी म्हणाले, "तुला कळलं सगळं?"

"चार वर्षं दर आठवड्याला प्रवचन ऐकलंय आत. तुझी ती भाषणाची तमिळ मला तुझ्यापेक्षा जास्त कळते. बोलता येत नाही एवढंच."

"मग तिथंच का नाही बोललास? नाही म्हणायचं होतंस."

"म्हटलं असतं तर तुझं काय राहिलं असतं, सगळ्यांसमोर?"

मी त्याच्या शेजारी दगडावर बसले.

"तू मला वाचवायला गेलीस, ते कळलं मला," तो म्हणाला. "पण तू आधीपासूनच तसं धरून आहेस. दादानं नाही मारलं, दुसऱ्या कशानं तरी मारलं. म्हणून तर तू मला मस्कतला पाठवलंस." मस्कतची गोष्ट त्याला माहीत होती हे मला माहीत नव्हतं. "त्या माणसाला एक पोरगी होती. कोर्टात यायची आजीबरोबर. मी प्यायलो होतो म्हटलं, तर तिचा बाप बाटलीनं मेला असं होतं. मी ढकललं म्हणून मेला. तिला निदान कोणावर चिडायचं ते तरी माहीत असू दे."

त्यानं मला रडू दिलं नाही. म्हणाला, "रडायचं असेल तर घरी जाऊन रड. लोक बघतील, म्हणतील पिऊन मारतोय."

मी तशीच मुदलाळीच्या शेडवर गेले. तो एका इंजिनात कोपरापर्यंत हात घालून बसला होता. मी घडलेलं सगळं सांगितलं, साध्या तमिळमध्ये. तो ऐकत राहिला. मग कापसानं हात पुसत म्हणाला, "बाई, मला आत्ता सांगून काय होणार? माझ्याकडे इंजिन आणणाऱ्या सगळ्या बोटवाल्यांनी ते ऐकलंय. फोनवरही बघितलंय. ज्या माइकवर सांगितलंत त्या माइकवर सांगा."

मग पास्टर. त्यांनी चहा मागवला, शांतपणे ऐकलं.

"तुमची भावना मी समजतो, सिस्टर. पण जे झालं ते देवाच्या गौरवासाठी झालं. त्या साक्षीनं दोन घरांतल्या पुरुषांनी दारू सोडायचं ठरवलंय."

"पण ती खोटी आहे."

"प्रत्येकजण कशाच्या तरी नशेत असतोच."

"तो नव्हता. तेच तो सांगत होता."

"आता पुन्हा उभं राहून खोटं होतं म्हणालात तर पुढच्या साक्षींवर कोण विश्वास ठेवेल? आणि कमिटीनं खोलीची मुदत वाढवून दिली आहे. कालच ठरलं. तुम्ही ते का मोडता?"

चहा तसाच ठेवून मी उठले. ह्या माणसाचा मला जितका राग आला तितका तुरुंगातल्या कुठल्या शिपायाचा आला नव्हता. शिपायानं दादाकडून मजुरी करून घेतली, उठाबशा काढून घेतल्या, पण त्याच्या आयुष्याची गोष्ट मागितली नाही. इथं चपला दिल्या, दात काढून दिला, आणि मग हसत हसत ती मागितली, आणि पुरेशी मोठी नव्हती म्हणून मोठी करून घेतली. आणि मी ती करून दिली, माझ्या सुंदर तमिळमध्ये. माणूस बदलला म्हणजे किती बदलला ते दिसायला तो आधी किती वाईट होता ते दाखवावं लागतं, म्हणून दादासारख्याला दर सणाला थोडं जास्त वाईट व्हावं लागणार. पुढच्या वर्षी कदाचित त्याच्याकडे चाकूसुद्धा निघाला असता.

टीचरअम्मा बाहेर पायरीवर बसली होती. तिनं सगळं ऐकलं असावं. विचारलं, "तो माइक दिला नाहीं?"

"नाही."

"बरें," ती म्हणाली, आणि चष्मा पुसत बसली.

रविवारी मी गेले, मागच्या रांगेत दादाशेजारी बसले. प्रवचन झालं, गाणी झाली, टीचरअम्मा वही घेऊन उभी राहिली. आजारी माणसांची नावं. एका लग्नाची तीनपैकी दुसरी घोषणा. बुधवारची प्रार्थना कोणाच्या घरी. मग तिनं वही मिटली आणि पूर्वी वर्गात म्हणत असेल त्या आवाजात म्हणाली, "गेल्या रविवारच्या साक्षीत एक दुरुस्ती आहे. दुभाषी करतील." आणि माइक माझ्याकडे धरला. पास्टर खुर्चीत पुढे सरकले, पण पस्तीस वर्षं त्या वस्तीतल्या निम्म्या लोकांच्या हातावर छडी मारलेल्या बाईला थांबवायचं कसं, ते त्यांना सुचलं नाही.

मी पुढे गेले. भाषणाची तमिळ काढली नाही. म्हणाले, "माझा भाऊ त्या दिवशी म्हणाला होता, मी शुद्धीत होतो. ते मी सांगितलं नाही. दारूचं मी मनानं घातलं. तो कधी प्यायला नाही. मी एम.बी.ए. आहे. मला दोन्ही भाषा येतात. मी खोटं बोलले." मग सांगायचं नव्हतं तेही तोंडातून गेलं. "माझ्या सोसायटीत मी सांगितलंय की तो मस्कतला आहे. तो इथं आहे."

या वेळी टाळ्या नाहीत. कोणी डोळे पुसले नाहीत. कमिटीतला तो म्हातारा खिडकीबाहेर बघत होता. पहिल्या रांगेतल्या एका बाईनं मुलाला जवळ ओढून घेतलं, आणि तिनं ते दादाकडे बघून केलं. मी ते बघितलं, दादानंही बघितलं. मी जागेवर येऊन बसले तेव्हा तो एवढंच म्हणाला, "मस्कतचं कशाला काढलंस? खजूर बंद होतील."

चर्च सुटल्यावर मुदलाळी फाटकाशी थांबला होता. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. दादाला म्हणाला, "उद्या सहाला. दोन इंजेक्टर पंप उघडून पडलेत."

दादा आता मागच्या खोलीत राहत नाही. शेडच्या माळ्यावर राहतो. खोली कमिटीनं काढून घेतली का, असं लोक विचारतात. त्यांनी काढली नाही, त्यानंच सोडली. म्हणाला, "पुढच्या हंगामाला मला पुन्हा उभं राहायचं नाही." ते चित्रण चॅनलवर अजून आहे. मी तीनदा सांगितलं, काढतो म्हणाले. खाली कोणीतरी लिहिलंय, 'बहिणीचं भाषांतर डोळ्यांत पाणी आणणारं.'

माझ्या सोसायटीतही ते कळलं; आता खजूर कोणी मागत नाही, आणि लिफ्टमध्ये जागा जरा जास्त मिळते. ऑफिसातला तो कागद मी गठ्ठ्याखाली सारायचं थांबवलंय. वर ठेवते. वरचे साहेब तो खाली सारतात. मग मी पुन्हा वर ठेवते. यावरून आमचं दोनदा वाजलंय आणि अजून वाजेल.

आणि टीचरअम्माचे गुडघे गेले. मागच्या महिन्यात तिनं फोन केला, "आठ नंबर आण. गेटवर तू जा." मी सुट्टी टाकली. आठ नंबरच्या चपला घेऊन सकाळी गेटसमोर उभी राहिले. थोड्या वेळानं चर्चचा एक तरुण आला, चॅनलचं काम बघणारा. फोन काढून त्यानं उजेडाचा अंदाज घेतला.

मी म्हणाले, "तो खिशात घाल."

"पास्टर म्हणाले, बाहेर पडतानाचा एक..."

"खिशात घाल, तंबी. नाहीतर तुझ्याच चपला त्याला देते आणि तुला अनवाणी पाठवते."

त्यानं फोन ठेवला. लहान दार उघडलं, आणि एक माणूस वाकून बाहेर आला. मी त्याचं नाव विचारलं नाही, त्यानं काय केलं ते विचारलं नाही. चपला खाली ठेवल्या आणि म्हटलं, "बघा, होतात का."